आमेनच्या अलीकडे थांबणारे गुरुजी

आदरणीय दावीदराव भालेराव गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी तेवीस वर्षांचा होतो. नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. होऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि उदगीरला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मुलींच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. बसमधून उतरून ट्रंक घेऊन वसतिगृहात पोहोचलो, तर संध्याकाळची प्रार्थना सुरू झालेली. व्हरांड्यात सतरंजीवर साठेक मुली बसल्या होत्या. समोर पांढऱ्या सदऱ्यातले एक भारदस्त गृहस्थ गुडघ्यांवर होते. टोपी काढून त्यांनी शेजारी ठेवली होती. एका बाईंनी मला हातानेच बसायची खूण केली. नांदेडच्या शिस्तीप्रमाणे मीही गुडघे टेकले.

गुरुजींनी प्रार्थना केली, "प्रभू, आजचा दिवस दिलास, आभार. उद्याचं तूच बघ." मी आमेन म्हणायला तयार झालो. आमेन काही येईना. नांदेडला आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना पूर आलेल्या नदीसारखी असे आणि शेवटचे आमेन कंडक्टरच्या घंटीसारखे वेळेवर वाजे. इथे दोन वाक्ये झाली आणि पुढे काहीच नाही. आधी वाटले, गुरुजी पुढचे शब्द विसरले. मग वाटले, त्यांना भोवळ आली असावी. शेवटी एक डोळा किलकिला करून पाहिले. गुरुजी ठणठणीत होते. पहिल्या ओळीतली एक लहान मुलगी बसल्या बसल्या झोपली होती आणि तिच्या शेजारणीने तिला डोळे न उघडता खांदा दिला होता. त्यावरून हे रोजचेच असावे, एवढे कळले.

केव्हा तरी आमेन आले. मी उठलो आणि माझा डावा पाय जागेवरच राहिला. मी शेजारच्या पेटीवर आडवा झालो आणि पेटीतून एक लांब, केविलवाणा सूर निघाला. मुली हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांनी एकदम खाली पाहिले, ते जास्त लागले. गुरुजींनी मला हाताला धरून उभे केले, माझा पाय स्वतः चोळून दिला आणि म्हणाले, "नांदेडकडचे का? हाव, तिकडं लवकर उरकतेत."

ही ओळख आज तेवीस वर्षांची झाली आहे. गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे मंडळीच्या समितीने कळवले आणि पत्रात खाली एक ओळ घातली: 'दुष्काळातील पाण्याचा प्रसंग अवश्य यावा.' ती ओळ वाचून मला दोन रात्री नीट झोप आली नाही. त्याचे कारण योग्य जागी येईल.

गुरुजींचा जन्म धर्माबादजवळच्या एका खेड्यातला. आई तेलुगू बोलणारी. त्यामुळे गुरुजी प्रार्थना मराठीत करतात, हिशेब उर्दूत शिकले आणि रागावले की तेलुगूत आकडे मोजतात. ओकटि, रेंडु, मूडु असे सुरू झाले की मुली गप्प होत आणि दहापर्यंत पोहोचेस्तोवर राग उतरलेला असे. वसतिगृहाचे व्यवस्थापक, शाळेत गणिताचे शिक्षक आणि मंडळीचा कारभार पाहणारे वडील अशी तिन्ही कामे त्यांनी तीस वर्षे केली. पाळकपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही. कोणी विचारले तर सांगत, "पाळकाला प्रवचन करावं लागतं. मला बोलायचं लई अवघड जातं."

मला लहानपणापासून डायरी लिहायची सवय आहे. उदगीरच्या पहिल्या महिन्यात मी तिच्यात गुरुजींच्या प्रार्थनांची लांबी टिपू लागलो. 'आज अकरा मिनिटे.' 'आज सात, गुरुजींना सर्दी.' 'रविवार. एकोणीस.' पण घड्याळ पाहायचे तर डोळा उघडावा लागे, आणि प्रार्थनेत डोळा उघडणे आम्हांला बालपणापासून वर्ज्य. मग त्याबद्दल देवाची क्षमा मागायची, तीही त्याच प्रार्थनेत. ती मागताना किती मिनिटे गेली हे पाहायला पुन्हा डोळा उघडायचा. त्या वर्षीच्या डायरीत अशा क्षमायाचनांच्या नोंदी प्रार्थनांहून अधिक आहेत.

एकदा धीर करून गुरुजींनाच विचारले, की शब्द संपल्यावर आपण नेमके काय करता. ते म्हणाले, "टपाल टाकायचं आन् पोस्टमन यायच्या आत गाव सोडून जायचं, असं सगळे करतेत. मी आपला पत्त्यावर थांबतो." मी विचारले, पोस्टमन रोज येतो का? गुरुजी म्हणाले, "न्हाई. पण आला तर घराला कुलूप नको."

या थांबण्याची सवय त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांना सर्वांत आधी करून घ्यावी लागली. त्या दोघांच्या लग्नात आशीर्वादासाठी गुडघे टेकल्यावर नवरदेव उठेचनात. वधू उठून उभी राहिली, खाली पाहिले आणि पुन्हा बसली. मार्थाबाई सांगतात, "तवाच कळलं मला, ह्या माणसासोबत जेवण गरम मिळायचं न्हाई." पण त्या हार मानणाऱ्या नव्हेत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. डाळ आधी शिजवून ठेवायची आणि गुरुजींनी डोळे मिटले की आधणात तांदूळ टाकायचा. आमेन आणि भात बरोबर एका वेळी उतरत. एखाद्या दिवशी भात कच्चा राहिला तर मुली आपसांत कुजबुजत, की आज गुरुजींचे मन लागले नाही.

गुरुजींच्या मायेची एकच आठवण सांगतो. दुसऱ्या वर्षी माझी आई आजारी पडली आणि तिला नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवले. मी कोणालाच कळवले नव्हते. तिसऱ्या दिवशी गुरुजी उदगीरहून आले. आईची विचारपूस केली, दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर टेकून, डोळे मिटून नेहमीसारखे थांबले. तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी हातातली यादी पाहिली, खाट पाहिली, खाटेवर डोळे मिटून बसलेला माणूस पाहिला आणि गुरुजींच्या तोंडात थर्मामीटर घातले. मी काही बोलणार, तो आईने माझा हात दाबला. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत, थर्मामीटरही काढले नाही. नर्सबाई ताप लिहून घेऊन गेल्या. मग आमेन झाले. आजारी पडल्यापासून आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. गुरुजी दिवसभर तिथेच बसले, फारसे काही बोलले नाहीत आणि शेवटच्या बसने परत गेले. जाताना त्यांनी मला विचारले, "ताप किती निघाला रे माझा?"

आता समितीने मागितलेला प्रसंग.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षीच लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला होता. नवा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. लातूरला कचेऱ्या होत्या, पण कुठे टेबल होते तर खुर्ची नव्हती, आणि दोन्ही असले तर आपला कागद अजून जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादला असे. आमच्या वसतिगृहाची विहीर दिवाळीनंतरच आटली. टँकर चार दिवसांनी येई, कधी सहा दिवसांनी. मुली एका बादलीत चौघी अंघोळ करत, तेच पाणी फरशीला आणि मग पेरूच्या झाडाला जाई. अखेर वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाचे पत्र आले. महिनाअखेरपर्यंत पाण्याची सोय झाली नाही, तर मुलींना घरी पाठवून वसतिगृह बंद करावे. पाऊस झाल्यावर बघू.

पत्रात 'बंद' हा शब्द सौम्य वाटत होता, पण घरी गेलेली मुलगी परत येत नाही हे आम्हांला ठाऊक होते. सातवीत नऊ मुली होत्या. त्यांची परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. नऊपैकी पाचजणींच्या घरी त्या उन्हाळ्यातली लग्ने ठरवायची बोलणी चालू होती आणि आईबापांना फक्त निमित्त हवे होते. गुरुजींनी पत्र दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. त्या दिवशीची डायरी: 'चोवीस मिनिटे. मी घड्याळ पाहिले नसते तर बरे.'

बोअरच्या मशीनसाठी अर्ज घेऊन गुरुजी आणि मी लातूरला गेलो. सकाळी दहापासून बाकावर बसलो. दुपार झाली, चपराशी तीनदा म्हणाला की साहेब आत्ताच येतील. माझा तोल सुटू लागला. मी जरा खोचकपणे म्हणालो, की गुरुजी, आपल्याला तर वाट पाहायचा चांगला सराव आहे. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेबाची वाट बघणं न् देवाची वाट बघणं एक न्हाई, प्रभाकर. आपण बाहेर बसलोत हे साहेबाला ठाऊकच न्हाई." मग उठून, चपराशाला न विचारता, दार ढकलून सरळ आत गेले. साहेब आत होते. खुर्ची आली नव्हती म्हणून खोक्यावर बसून डबा खात होते आणि त्या अवस्थेत त्यांना कोणाला भेटायचे नव्हते. गुरुजी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. अर्धी भाकरी संपेपर्यंत मशीन मंजूर झाले.

मंजुरीची अट कडक होती. एकच बोअर. भूजल खात्याचे साहेब जागा ठरवतील तिथेच. कोरडे निघाले तर त्या वर्षी दुसरे नाही. खात्याचे साहेब तरुण होते आणि कामाचे होते. आदल्या दिवशी येऊन त्यांनी अंगणात फिरून पाहिले, जमीन ठोकली, नकाशा उलटसुलट केला आणि मोकळ्या जागेत मधोमध चुन्याने फुली मारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आले. आमच्या अंगणात एवढे मोठे वाहन कधी आले नव्हते. वसतिगृहासमोर शिवलिंगअप्पांचे किराणा दुकान होते. अप्पा रोज सकाळी तासभर लिंगपूजेला बसणारे, त्यामुळे गुरुजींशी त्यांचे व्यवसायबंधूंसारखे नाते. तेही दुकानाचे दार ओढून घेऊन आले. साहेबांनी सांगून टाकले, की काम लवकर उरकायचे आहे, मशीनला संध्याकाळपर्यंत शिरूर अनंतपाळच्या बाजूला पोहोचायचे आहे, आणि उशीर झाला तर इथले सोडून निघावे लागेल. गुरुजी म्हणाले, "दोन शब्द प्रार्थना करतो, मग चालू करा." साहेबांनी सभ्यपणे टोपी काढली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. मी आणि मार्थाबाई, आम्ही दोघांनीच एकमेकांकडे पाहिले.

गुरुजी चालत पुढे गेले आणि गुडघे टेकले. म्हणाले, "प्रभू, पोरींना पाणी पाहिजे. तुला माहीत हाय." आणि थांबले.

पाच मिनिटे झाली. नऊ झाली. मी अर्थातच एका डोळ्याने पाहत होतो. साहेब आधी जमिनीकडे, मग आभाळाकडे, मग घड्याळाकडे पाहू लागले. ड्रायव्हर पायरीवर बसून विडी शोधत होता. चौदाव्या मिनिटाला साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि जीपकडे एक पाऊल टाकले. सातवीच्या मुली पहिल्या ओळीत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला मात्र ते पाऊल दिसत होते.

यानंतर मी जे केले ते आजवर दोनच माणसांना सांगितले आहे, तेही गेल्या महिन्यात. शिक्षकांच्या खोलीत मी गुरुजींच्या आवाजाची नक्कल करत असे. ती हुबेहूब वठे, असे सगळे म्हणत. मी मान खाली घातली आणि गुरुजींच्या त्या जाड, सावकाश आवाजात म्हणालो, "आमेन."

साठ मुली, आठ शिक्षक, अप्पा आणि मार्थाबाई, सगळ्यांनी एका सुरात आमेन म्हटले. डोळे उघडले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. साहेब हुश्श करून परत फिरले. आणि तेव्हा सर्वांच्या लक्षात आले की गुरुजी उठलेले नाहीत. ते डोळे मिटून तसेच गुडघ्यांवर होते, आणि बरोबर चुन्याच्या फुलीवर होते.

आमच्या मंडळीत प्रार्थनेत असलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हते. ते जवळ जाऊन म्हणाले, "गुरुजी, आमेन झालं ना?" साहेबांनी आमच्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले. मशीन घरघरत होते. ड्रायव्हर ओरडून विचारत होता, की माणूस काढताय का गाडी काढू. शेवटी मार्थाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ते एवढ्यात उठत न्हाईत. मी त्यांना लग्नात हलवलं न्हाई, तर आता काय हलवू. तुम्हीच गाडी बाजूला घ्या."

"बाई, फुली शासनाची आहे," साहेब म्हणाले.

"नवरा माझा हाय," मार्थाबाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिले, कपाळाला हात लावला, पंधरा पावले चालत कुंपणाकडे गेले आणि बुटाच्या टाचेने मातीत एक खळगा केला. इथे मारा, म्हणाले. ज्यांनी आमच्याकडचा काळा खडक पाहिला आहे, त्यांना पंधरा पावले म्हणजे काय ते सांगायला नको. एका बाजूला झरा असतो, दुसऱ्या बाजूला दोनशे फूट भुकटी.

मशीन चालू झाले. पांढरा फुपाटा उठला आणि सगळा वारा गुरुजींच्या दिशेने होता. मार्थाबाईंनी छत्री आणली आणि ती उन्हासाठी नव्हे तर धुळीसाठी आडवी धरून त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. लोक आता सांगतात की गुरुजी तीन तास गुडघ्यांवर होते. हे खरे नाही. पाव तासाने ते डोळे न उघडता मांडी घालून बसले. आणि वेळ अडीच तास, माझ्या घड्याळाने. शंभर फुटांवर साहेबांनी कोरडी भुकटी मुठीत घेऊन सोडून दिली. सव्वाशेवर अप्पांनी मुलींच्या ओळीकडे पाठ फिरवली. माझे काय चालले होते ते लिहिण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो, मी त्या सातवीच्या नऊ मुलींची नावे मनात घेत होतो आणि प्रत्येक नावाला वाटत होते, की हिचे लग्न मी लावले.

एकशे चाळीस फुटांच्या आसपास भुकटीचा रंग बदलला. मग ती ओली झाली. मग मशीनने एक उचकी दिली आणि करड्या चिखलाचा फवारा उंच उडाला. तो छत्रीवर, मार्थाबाईंवर आणि गुरुजींवर सारखा पडला. गुरुजींनी चिखल पुसायच्या आधी "आमेन" म्हटले. पुन्हा सगळ्यांनी आमेन म्हटले. मी म्हटले की नाही, आठवत नाही.

पाणी फार नव्हते. हापशापुरते होते. पण हापसा बसला, महिनाअखेर आली आणि गेली, आणि सातवीच्या नऊच्या नऊ मुलींनी परीक्षा दिली. पाच लग्ने त्या उन्हाळ्यात झाली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "गुरुजीनं देवाला आडवून धरलं. पाणी दे, मग उठतो म्हणले. आमच्यात एवढं बसणारा कोणी न्हाई बघा." महिन्याभरात ही कथा लातूरपर्यंत गेली. तिच्यात गुरुजींना फुलीखाली पाणी नाही हे प्रार्थनेत कळले आणि म्हणून ते मुद्दाम फुलीवर बसले, असाही भाग जोडला गेला. मंडळीत तीच देवाच्या कृपेची साक्ष म्हणून सांगितली जाते. समितीला तीच हवी आहे.

माझी अडचण अशी. मी खोटे आमेन म्हटले नसते तर साहेब निघून गेले असते, किंवा थांबले असते. थांबले असते तर गुरुजी उठल्यावर फुलीवरच बोअर झाले असते. तिथे पाणी असते, किंवा नसते. त्या अर्थी माझ्या पापामुळे पाणी लागले, किंवा माझे पाप असूनही लागले, किंवा त्याचा काही संबंधच नाही. या तिन्ही शक्यतांवर मी इतक्या वर्षांत डायरीची पुष्कळ पाने खर्च केली आहेत. फुलीच्या जागेवर आज मुलींच्या सायकली उभ्या असतात. खाली पाणी आहे की नाही ते देव जाणे, आणि हे मी बोलायची रीत म्हणून लिहीत नाही.

समितीचे पत्र आल्यावर, खोटी गोष्ट गौरवग्रंथात छापून देण्याचे धैर्य मला होईना. म्हणून गेल्या महिन्यात उदगीरला गेलो. गुरुजी अंगणात खुर्चीवर होते, मार्थाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. मी दोघांसमोर उभा राहून, पाठ केल्यासारखे सगळे सांगून टाकले. आवाज तुमचा होता, पण आमेन माझे होते.

मार्थाबाईंचे हात थांबले. मग त्या म्हणाल्या, "तू व्हतास व्हय. मला वाटलं, आज भात कच्चा राहतो."

गुरुजी म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

मी विचारले, कसे?

"माझा आवाज मला ऐकू येत न्हाई का? वर्षभर माझी नक्कल करून राहिला व्हतास त्या खोलीत. भिंत केवढीशी व्हती."

मी विचारले, की मग आपण उठला का नाहीत? आमेन तर झाले होते.

"तुझं झालं व्हतं. माझं न्हव्हतं झालं."

मला राहवले नाही. मी म्हणालो, की गुरुजी, लोक म्हणतात आपण देवाला अडवून बसला होता. फुलीखाली पाणी नाही हे आपल्याला कळले होते.

"देवाला कोण आडवतंय," गुरुजी म्हणाले. "आन् फुली तर मला दिसलीबी न्हाई. चष्मा घरात व्हता."

"मग अडीच तास आपण काय मागत होता?"

गुरुजींनी डोळे मिटले. सवयीने मी घड्याळाकडे पाहिले आणि लाजून हात मागे घेतला.

"मागायचं तर पहिल्याच वाक्यात झालं," ते म्हणाले. "त्याच्यापुढं मी काहीच मागितलं न्हाई. मी भ्यालो व्हतो, प्रभाकर. उठलो की डोळे उघडावं लागणार. कोरडं निघालं तर त्या नऊ पोरींच्या तोंडाकडं बघावं लागणार. ते माझ्यानं व्हत न्हव्हतं. म्हणून त्याच्याजवळच बसून राहिलो. दुसरीकडं कुठं जाणार. तो काही बोलला न्हाई. पण ऊठ असंबी म्हणला न्हाई."

मार्थाबाई भाजी निवडू लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "छत्री धरून हात गळाले माझे. मला न्हाई सांगितलं कधी भ्याले म्हणून."

"तू व्हतीस की तिथंच," गुरुजी म्हणाले.

त्या दोघांचे बोलून झाल्यावर मी विचारले, की हे असे छापले तर चालेल का. लोकांना ती दुसरी गोष्ट आवडते. गुरुजी म्हणाले, लिही, मात्र साहेबाचं नाव घालू नको, बिचाऱ्याची फुली बरोबर असेल.

तेव्हा समितीची क्षमा मागून, आणि अप्पा आज आपल्यात नाहीत म्हणून त्यांचीही, मी प्रसंग जसा घडला तसा दिला आहे. मोठ्या श्रद्धेचा माणूस म्हणून आपण सर्व त्यांचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो, कारण भीती वाटल्यावर कुठे बसायचे हे त्यांना नक्की माहीत होते, आणि मला त्या वयात फक्त कसे उरकायचे एवढेच माहीत होते. आता मी थांबून पाहतो. घड्याळ काढून ठेवतो. अजून सात-आठ मिनिटांपलीकडे जमत नाही, आणि हा आकडा अंदाजाने दिला आहे.

गुरुजींना उत्तम आरोग्य लाभो, मार्थाबाईंची साथ त्यांना आणि त्यांची मार्थाबाईंना दीर्घकाळ मिळो. आणि ज्याच्याजवळ ते पंचाहत्तर वर्षे असे निवांत बसत आले, त्याने त्यांना अजून पुष्कळ वर्षे ऊठ म्हणू नये, एवढीच उदगीर, लातूर आणि नांदेडकडच्या आम्हा सर्वांची प्रार्थना आहे.